प्रवासलेखनाला मार्गदर्शनाची जोड

(पिपरी मेघे येथील शिक्षक व पंचायत सदस्य यांना उद्देशून केलेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्रात दरवर्षी असंख्य माणसे प्रवासाला निघतात. शाळांच्या सहली निघतात, वारकरी पंढरीला जातात, मजूर कामाच्या शोधात दूरच्या जिल्ह्यांत जातात आणि पंचायतींचे सदस्य अभ्यासदौऱ्यावर जातात. परत आल्यावर यांपैकी फारच थोडे लोक काही लिहितात. जे लिहितात त्यांचे लेखनही बहुधा ठरावीक वाक्यांपुढे सरकत नाही. स्थळ प्रेक्षणीय होते, माहिती उपयुक्त मिळाली, प्रवास सुखरूप झाला, एवढ्यावर अहवाल संपतो.

असा अहवाल निरुपद्रवी वाटतो, परंतु त्यात गावाचे नुकसान असते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पाहण्यासाठी आजवर अनेक पंचायतींचे सदस्य गेले आहेत. ‘तेथे पाण्याचे नियोजन उत्तम आहे’ एवढेच वाक्य घेऊन जो सदस्य परततो, त्याच्या गावाला त्या दौऱ्याचा उपयोग कितीसा होणार? त्या गावात दरवर्षी पडलेल्या पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर आणि ऊस-केळी यांसारख्या अधिक पाण्याच्या पिकांवर गावानेच बंधन घातले आहे. हे बंधन ग्रामसभेत कसे मान्य झाले, विरोध कोणी व का केला, पाऊस कोण मोजतो, ताळेबंद कोण वाचून दाखवतो, हे ज्या अहवालात येईल तोच अहवाल दुसऱ्या गावाला वाट दाखवू शकेल.

असे लेखन करण्याची पात्रता केवळ जन्मजात प्रतिभेने येते, हा समज दूर होणे आवश्यक आहे. प्रवासवर्णन सुधारते ते मुख्यतः एका कारणाने. ज्याने ते स्थळ पाहिलेले नाही असा जाणता वाचक लेखकाला प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी लेखकाला पुन्हा पाहावे लागते. कार्यशाळा व मार्गदर्शन या दोन्हींचे प्रयोजन अशा वाचकाची गाठ घालून देणे हेच होय.

मराठीतील जुनी परंपरा

ही पद्धत परकीय नाही. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे अमरावती जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. श्रीचक्रधरांच्या आठवणी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या वा ऐकल्या होत्या, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी त्या मिळविल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. मराठी गद्याच्या आरंभकाळीच लिहिणारा आणि तपासणारा अशी जोडी उभी आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्याच परंपरेतील ‘स्थानपोथी’ हा चौदाव्या शतकातील ग्रंथ तर प्रवासलेखकाने आवर्जून पाहावा असा आहे. श्रीचक्रधरांचा संचार ज्या गावांतून झाला, तेथील मठ, देवळे आणि वस्तीची ठिकाणे यांची नोंद त्यात आहे. देऊळ गावाच्या कोणत्या अंगास आहे, त्याचे दार कोणत्या दिशेला आहे, यासारखे तपशील तेथे नेमकेपणाने येतात. ‘रम्य’, ‘भव्य’ अशा विशेषणांची त्या नोंदींना गरज पडत नाही. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले हे दोन्ही ग्रंथ आज अभ्यासकांना उपलब्ध आहेत.

गोडसे भटजी आणि चिंतामणराव वैद्य

मार्गदर्शनाचा गुण आणि त्याचा धोका या दोहोंचे दर्शन एकाच ग्रंथात घडते. तो ग्रंथ म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसई गावचे हे गरीब भिक्षुक १८५७ साली दक्षिणा मिळविण्याच्या आशेने आपल्या काकांसह उत्तर हिंदुस्थानात गेले आणि उठावाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. ते वाटेत लुटले गेले, उपाशी राहिले, आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतले.

हा वृत्तांत त्यांनी लिहिला तो सुमारे पाव शतकानंतर, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून. वैद्य यांनी आग्रह धरला नसता तर एका सामान्य माणसाच्या नजरेतून दिसलेले ते युद्ध त्या माणसाबरोबरच नाहीसे झाले असते. लेखनाची सवय नसलेल्या माणसाला ‘आपण पाहिले ते मोलाचे आहे, ते लिहून काढा’ असे सांगणे हे मार्गदर्शकाचे पहिले कर्तव्य होय. वैद्यांनी ते उत्तम रीतीने पार पाडले.

ग्रंथ १९०७ साली, गोडसे यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. मात्र प्रसिद्ध करताना वैद्यांनी त्याच्या भाषेत व मजकुरात बरेच फेरफार केले होते. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जतन झाले, आणि त्यावरून महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ संहिता प्रसिद्ध केली. भटजींचा स्वतःचा आवाज वाचकांपर्यंत पोहोचण्यास अशा रीतीने आणखी ५९ वर्षे लागली. वैद्यांचा हेतू शुद्ध होता; वाचकाला ग्रंथ सुगम व्हावा ही त्यांची इच्छा असणार. तथापि जो दुसऱ्याचे लेखन तपासतो त्याने हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवावा. लिहावयास लावणे हा उपकार आहे. दुसऱ्याच्या जागी स्वतः लिहिणे हा त्या उपकाराचा भाग नव्हे.

वाचक कोण, हे आधी ठरावे

पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात प्रवासाची हकीकत थोडी आणि लोकस्थितीचा विचार अधिक आहे. तेथील राज्यव्यवस्था, शिक्षण, घरे, स्त्रियांची स्थिती अशी विषयवार मांडणी त्यांनी केली, कारण मायदेशातील वाचकाला काय समजून घ्यावयाचे आहे याची त्यांना जाण होती. अभ्यासदौऱ्याचा अहवाल लिहिणाऱ्यास याहून चांगला नमुना मिळणे कठीण.

दुसरे उदाहरण वर्ध्याशी नाते असलेले आहे. राष्ट्रभाषा प्रचाराच्या कार्यासाठी वर्ध्यात वास्तव्य केलेले काकासाहेब कालेलकर साताऱ्यात जन्मलेले, मराठी मातृभाषेचे; पण त्यांचे पुष्कळ लेखन गुजरातीत झाले. १९१२ साली त्यांनी हिमालयाची पदयात्रा केली आणि त्या यात्रेचे वर्णन पुढे साबरमती आश्रमाच्या हस्तलिखित मासिकातून लिहिले. ग्रंथरूपाने ते १९२४ साली आले. गुजराती साहित्यात मान्यता पावलेल्या एका प्रवासवर्णनाचा आरंभ हस्तलिखित अंकातून झाला, ही बाब प्रत्येक शाळेने ध्यानात घ्यावी. हस्तलिखित काढण्यास कागद, दौत आणि वाट पाहणारे वाचक एवढेच भांडवल पुरते.

कार्यशाळेची रूपरेषा

पिपरी मेघेसारख्या गावात अशी कार्यशाळा भरविण्यास मोठा खर्च नाही. गाव वर्धा शहराला लागून असल्याने ‘येथे लिहिण्यासारखे काय आहे?’ असा प्रश्न प्रथम निघेल. त्यामुळेच आरंभ येथून करावा. प्रत्येकाने आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या किंवा पंचायतीच्या कार्यालयापर्यंतच्या वाटेवर दहा ओळी लिहाव्यात. त्या मोठ्याने वाचल्या जाव्यात, आणि ऐकणाऱ्यांनी मत न देता प्रत्येकी एक प्रश्न विचारावा. आसपास सिंदी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे अशी गावे असताना या सर्वांच्या नावात ‘मेघे’ कसे आले? गावनकाशातील जुनी पांदण आज कोठे संपते? पूर्वी जेथे वावर होते तेथे वसाहत केव्हा उभी राहिली? रोजची वाट अशा प्रश्नांनी नवी होते, आणि उत्तरासाठी वृद्धांकडे, तलाठ्याच्या दप्तराकडे व प्रत्यक्ष जागेकडे जावे लागते.

दुसऱ्या टप्प्यात एका दिवसाचा प्रवास असावा. प्रत्येकाने वहीच्या पानावर चार रकाने पाडावेत: पाहिले, मोजले, ऐकले आणि वाटले. समजा, सहल पवनारला गेली. धाम नदीचे पात्र व काठावरचा आश्रम हे पाहिलेले होय. रस्त्याचे अंतर व पायऱ्यांची संख्या हे मोजलेले होय. विनोबाजींच्या वास्तव्यात तेथे जमीन खणताना प्राचीन शिल्पे सापडली, ही हकीकत आश्रमात ऐकावयास मिळते आणि ती शिल्पेही पाहता येतात. पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, हे डॉ. वा. वि. मिराशी यांचे मत आहे. ते त्यांच्या नावानिशीच नोंदले पाहिजे, कारण इतर अभ्यासकांनी वेगळी स्थळेही सुचविली आहेत. केळझर हीच महाभारतातील एकचक्रानगरी, ही तर लोकपरंपरा. ती परंपरा म्हणूनच लिहावी. आणि घाटावर बसल्यावर मनाला जी शांतता लाभली ती चौथ्या रकान्यात जावी. हे चार रकाने वेगळे ठेवण्याची सवय लागली की लेखनातील निम्मे दोष आपोआप गळून पडतात. अनेकांची भावना तिसऱ्या रकान्यात शिरते आणि ऐकीव गोष्ट पहिल्या रकान्यात; वाचकाची दिशाभूल तेथूनच सुरू होते.

तिसरा टप्पा पुनर्लेखनाचा. पहिला मसुदा सात दिवसांत, दुसरा महिनाभराने आणि तिसरा त्यानंतरच्या महिन्यात, असा क्रम ठेवल्यास घाईही होत नाही आणि विसरही पडत नाही. एका दिवसाचे शिबिर भरवून हार-तुरे झाले की काम संपले, असे मानू नये. खरे शिक्षण दुसऱ्या मसुद्यात होते.

मार्गदर्शकाने पाळावयाच्या मर्यादा

पुढील दोन महिने प्रत्येक लेखकामागे एक मार्गदर्शक असावा. तो साहित्यिकच असला पाहिजे असे नाही. नियमित वाचणारा शिक्षक, ग्रंथपाल किंवा निवृत्त ग्रामसेवक हे काम करू शकतो. त्याने समासात पेन्सिलीने प्रश्न लिहावेत: ‘किती?’, ‘कोणी सांगितले?’, ‘येथे कसला वास होता?’, ‘तिकिटाला किती पैसे पडले?’ वाक्य बदलण्याचा मोह त्याने आवरावा. शुद्धलेखन शेवटी पाहावे. आरंभीच लाल शाई उमटली तर नवा लेखक सावध होतो आणि पाठ्यपुस्तकातील वाक्ये लिहू लागतो.

विशेषतः बोलीतील शब्दांविषयी जागरूकता हवी. या भागातील माणूस ‘वावर’, ‘धुरा’, ‘पांदण’, ‘बंडी’ असे म्हणतो. त्या जागी ‘शेत’, ‘बांध’, ‘रस्ता’, ‘बैलगाडी’ असे शब्द घातले म्हणजे लेख शुद्ध झाला असे वाटते, परंतु तो लेख मग कोठल्याही जिल्ह्याचा होतो. धुरा म्हटल्याबरोबर विदर्भातील शेताची कड डोळ्यांपुढे उभी राहते. अपरिचित शब्दाचा अर्थ वाक्याच्या ओघात समजेल अशी व्यवस्था करण्यास मार्गदर्शकाने सांगावे, पण शब्द काढून टाकू नये.

माहिती देणाऱ्यांचाही मान राखला जावा. ज्याच्याकडून हकीकत मिळाली त्याला ती वाचून दाखवावी, त्याची संमती असल्यासच नाव छापावे, आणि कोणाच्या घरातील खाजगी गोष्ट प्रवासवर्णनाच्या नावाखाली चव्हाट्यावर आणू नये.

आज हाती घेण्याजोगे एक काम

या सर्वांची निकड एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जिल्ह्यातील पुलगाव ते आर्वी हा अरुंद रूळमार्ग एकेकाळी चालू होता. आज त्यावर गाडी धावत नाही. त्या गाडीने बाजाराला, शाळेला, लग्नाला गेलेली माणसे आज वृद्ध झाली आहेत. गाडी कोठे थांबे, डब्यात कोणती ओझी असत, चुकली तर पुढे कसे जात, हे त्यांच्या स्मरणात आहे. शाळांनी व ग्रंथालयांनी मिळून हे कथन लिहून घेतले, त्यावर प्रश्न विचारले, ती वाट पुन्हा चालून पाहिली आणि गावाच्या ग्रंथालयात त्याची एक शिवलेली प्रत ठेवली, तर जिल्ह्याच्या इतिहासात मोलाची भर पडेल. विष्णुभटांना लिहावयास सांगणारे कोणी तरी भेटले, म्हणून झाशीच्या एका साक्षीदाराची हकीकत उरली. पुलगाव-आर्वीच्या प्रवाशांना तसे कोणी भेटावे, आणि त्यांचे शब्द त्यांच्याच तोंडच्या रूपात कागदावर उतरावेत, ही जबाबदारी येथील शिक्षकांनी आणि पंचायतींनी उचलावी, अशी अपेक्षा आहे.