कुलूप आणि खोळंबा



पूर्वी गावाचे दप्तर एका तलाठ्याच्या हाती असे. वही एक आणि लेखणीही एक. त्यामुळे एका पानावर एकाच वेळी दोघांनी लिहिण्याचा प्रश्न उद्भवत नसे. आता दप्तरे संगणकात गेली. फाइल एका ठिकाणी आणि लिहिणारे हात दहा गावी, अशी व्यवस्था जिकडेतिकडे झाली आहे. तीत कुलूप केव्हा, केवढे आणि किती वेळ लावावे, हा आमचा आजचा विषय.

समजा, एका सातबाऱ्याची फाइल दोन कारकुनांनी एकाच वेळी उघडली. एकाने वारस म्हणून विधवेचे नाव लावले, दुसऱ्याने पीककर्जाचा बोजा चढवला. पहिल्याने आधी जतन केले, दुसऱ्याने मागाहून. दुसऱ्याच्या प्रतीत ते नाव नव्हतेच. सबब ते पुसले गेले! कोणी लबाडी केली नाही, यंत्रही बिघडले नाही. तरी त्या बाईचा हक्क कागदावरून नाहीसा झाला. म्हणून लिहिण्यापूर्वी कुलूप हवे.

पण कुलूप फुकट मिळत नाही. त्यासाठी दर वेळी मध्यवर्ती यंत्राची परवानगी काढावी लागते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईपर्यंतची तार ४०० किलोमीटर धरली, तर जाऊन येण्यास सेकंदाचे चार सहस्रांश लागतात. क्षुल्लक वाटते ना? परंतु १०,००० लहान फायली एकामागून एक उघडा. ४० सेकंद नुसत्या हेलपाट्यांत जातील!

पुण्यात जन्मलेले विनोद खोसला जिच्या संस्थापकांपैकी एक, त्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९८४ साली एनएफएस ही पद्धत काढली. तीत मध्यवर्ती यंत्र कोणी काय उघडले हे लक्षात ठेवीत नसे. कुलपांसाठी निराळी व्यवस्था जोडावी लागली. पण किल्ली घेऊन गडी परगावी जावा, तसा कुलूप लावणाराच बंद पडला तर? २००० सालच्या चौथ्या आवृत्तीत कुलूप मुदतीचे झाले. मुदत वाढवून न घेतल्यास ते सुटू शकते.

महासंगणकांवर चालणाऱ्या लस्टर पद्धतीत याहून शहाणपण आहे. वाचणारे कितीही असोत, ते एकमेकांना अडवीत नाहीत. लिहिणाऱ्याचे कुलूप फाइलीच्या हव्या तेवढ्याच भागाला लागते. शिवाय दुसऱ्या कोणी मागेपर्यंत किल्ली त्याच्यापाशीच राहू शकते, म्हणजे हेलपाटे वाचतात.

यंत्र सुस्त झाले की कुलूपच काढा, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच: खोळंबा सर्वांना दिसतो, गेलेली नोंद कोणालाच दिसत नाही. ती दिसते वाटणीच्या दिवशी, आणि तोवर साक्षीदारही उरलेले नसतात. तेव्हा कुलूप लहान करा, थोडा वेळ ठेवा, पण ठेवाच.