एका त्रिकोणाखाली दोन घरं

लंडनच्या क्लार्कनवेल भागात एका चढावर लॉइड स्क्वेअर नावाचा लहानसा चौक आहे. लॉइड बेकर कुटुंबाच्या या जमिनीवर 1820 आणि 1830च्या दशकांत जॉन बूथ आणि त्यांचा मुलगा विल्यम जोसेफ बूथ या वास्तुरचनाकारांनी घरं उभारली. त्या काळी लंडनच्या चौकांत एकाला एक चिकटलेल्या घरांची लांबच लांब रांग असे. इथे मात्र घरं जोडीनं आहेत.

गंमत आहे ती माथ्यावर. ग्रीक देवळाच्या दर्शनी भागावर असतो तसा रुंद, बसका त्रिकोण, आणि तो दोन्ही घरांवर मिळून एकच! त्रिकोणाच्या बरोबर मध्याखाली दोन घरांमधली सामाईक भिंत येते. दारं बाहेरच्या कडांना, जरा मागे सरकवलेली. त्यामुळे समोरून पाहणाऱ्याला दोन बेताची घरं म्हणजे एकच भारदस्त वास्तू वाटते. नक्षी जवळजवळ नाहीच. साध्या विटा आणि नेमकी प्रमाणं. मला हा संयम फार मोलाचा वाटतो.

मधली बाग आजही रहिवाशांसाठीच राखीव आहे. चौकात फिरून घरं मात्र कुणीही पाहावीत.