एक आडनाव, चार शोध
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



महाराष्ट्राबाहेरच्या कोणत्याही मराठी मंडळात एकाच आडनावाची तीन-चार कुटुंबे हमखास सापडतात. मग 'रेल्वेतले जोशी', 'टपालखात्यातले जोशी', 'बँकेतले जोशी' अशी आपण त्यांची वाटणी करतो. आणि चौथे जोशी बदली होऊन आले की त्यांच्यासाठी नवे विशेषण शोधू लागतो. आडनाव माणसाला समूहात नेऊन बसवते आणि त्याचे काम त्याला त्या समूहातून वेगळे काढते. हाच धागा धरून आज एका परकीय आडनावाकडे मी आपले लक्ष वेधणार आहे. मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. कलाशाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलेला माणूस आहे. त्यामुळे यंत्रांपेक्षा माणसांविषयीच अधिक बोलेन.

ते आडनाव आहे 'फ्लेमिंग'. आज ज्याचा बहुतेक भाग बेल्जियममध्ये आहे, त्या फ्लँडर्स प्रांतातून बाराव्या शतकाच्या सुमारास विणकर, सैनिक आणि व्यापारी इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये येऊन स्थायिक झाले. स्थानिक लोकांनी त्यांना त्यांच्या मुलखाच्या नावानेच ओळखायला सुरुवात केली. आपल्या भाषेत सांगायचे तर फ्लेमिंग म्हणजे 'फ्लँडर्सकर'! गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोणी हाक मारीत नाही. गाव सुटल्यावरच ते आडनावाला चिकटते. आपल्यातल्या 'कर'ांना हे निराळे सांगायला नको. या फ्लँडर्सकरांपैकी चौघांची ही हकिकत आहे. त्यांचे आपसात जवळचे नाते नव्हते आणि पेशे तर सर्वस्वी भिन्न होते.

पहिले सँडफर्ड फ्लेमिंग. स्कॉटलंडमधील कर्कॉडी येथे १८२७ साली जन्मलेला हा तरुण भूमापनाचे शिक्षण घेऊन १८४५ मध्ये कॅनडात गेला. १८५१ मध्ये निघालेल्या तेथील पहिल्या टपाल तिकिटावरचे बीव्हर प्राण्याचे चित्र त्याच्याच कल्पनेतले. पुढे तो रेल्वेचा मुख्य अभियंता झाला. १८७६ मध्ये आयर्लंडच्या प्रवासात बंडोरन स्थानकावर तो संध्याकाळी ५ वाजून ३५ मिनिटांच्या गाडीसाठी आला, तेव्हा गाडी सकाळचीच असल्याचे त्याला समजले. वेळापत्रकात छपाईची चूक होती आणि त्यापायी त्याची रात्र तेथेच गेली, असे सांगतात. दुसरा कोणी स्टेशनमास्तरांशी भांडून मोकळा झाला असता. सँडफर्ड मात्र वेळ मोजण्याच्या पद्धतीविषयीच विचार करू लागला. सकाळ-संध्याकाळचा घोळ टाळणारे चोवीस तासांचे घड्याळ हवे. आणि गावोगावच्या निरनिराळ्या वेळा सोडून साऱ्या पृथ्वीचे चोवीस पट्टे पाडावेत, असा त्याने आग्रह धरला. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेस तो प्रतिनिधी म्हणून हजर होता. तेथे ग्रिनिच हे मूळ रेखावृत्त ठरले; पट्ट्यांची कल्पना मात्र देशोदेशी हळूहळूच रुजली. आपल्याकडे १ जानेवारी १९०६ पासून ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशाची वेळ प्रमाण मानली गेली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून सुमारे ३९ मिनिटे मागे. मुंबईकरांनी ती सोडण्यास कडाडून विरोध केला आणि त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे त्या शहरात दोन वेळा नांदत राहिल्या.

दुसरे जॉन अँब्रोज फ्लेमिंग. जन्म १८४९, इंग्लंडमधील लँकेस्टरचा. वडील धर्मोपदेशक, घरची स्थिती बेताची. शिक्षणाचा खर्च भागावा म्हणून हा मुलगा दोन वर्षे शेअरबाजारातील एका पेढीवर कारकुनी करीत होता आणि संध्याकाळी अभ्यास करून १८७० मध्ये पदवीधर झाला. आपली मुले शाळेत डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे एकमेकांशी काटकोनात धरून विजेच्या मोटारीचा जो नियम पाठ करतात, तो यांचाच. एडिसनच्या दिव्यांच्या लंडनमधील कंपनीचे ते सल्लागार होते. त्या दिव्यांच्या काचा वापराने आतून काळवंडत. तो दोष पाहता पाहता दिव्याच्या पोकळीतून वीज एकाच दिशेने वाहते ही चमत्कारिक गोष्ट त्यांनी अभ्यासली आणि प्रयोगाचे दिवे कपाटात ठेवून दिले. पुढे ते मार्कोनींच्या बिनतारी संदेशाच्या कामात गेले. तेथे क्षीण लहरी पकडण्याचे साधन हवे होते. १९०४ मध्ये त्यांना कपाटातल्या त्या जुन्या दिव्यांची आठवण झाली. पाण्याच्या नळातली झडप पाणी एकाच बाजूने सोडते, तशी विजेची ही झडप. म्हणून तिचे नाव 'व्हॉल्व्ह'. अमेरिकेतील ली डी फॉरेस्ट यांनी दोनच वर्षांनी तीत तिसरा भाग घातला आणि तिची शक्ती कितीतरी वाढली. ज्या जुन्या रेडिओचे दिवे तापेपर्यंत घरातली वडीलधारी मंडळी बातम्यांसाठी खोळंबून बसत, त्यांतल्या व्हॉल्व्हच्या कुळाचा मूळपुरुष हाच. दूरच्या आवाजाला असे कान देणारे अँब्रोज स्वतः मात्र उत्तरोत्तर बहिरे होत गेले.

तिसरी व्यक्ती विल्यमिना फ्लेमिंग. त्यांची कथा आपल्या भगिनींनी मुद्दाम ऐकावी. १८५७ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी गावी जन्म. चौदाव्या वर्षापासूनच त्या शाळेत शिकवू लागल्या होत्या. विवाहानंतर १८७८ मध्ये पतीबरोबर त्या अमेरिकेत बॉस्टनला आल्या. आणि त्या गरोदर असताना पती त्यांना सोडून गेला. परका देश, पदरी येऊ घातलेले मूल आणि हाताशी काही नाही, अशा अवस्थेत त्यांनी हार्वर्ड वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांच्या घरी मोलकरणीची नोकरी धरली. त्यांची हुशारी ओळखून पिकरिंग यांनी १८८१ मध्ये त्यांना वेधशाळेत कायमचे काम दिले. ताऱ्यांची छायाचित्रे असलेल्या काचा भिंगाखाली तपासायच्या आणि आकडे नोंदायचे, हे ते काम. १८८८ मध्ये अशाच एका काचेवर तेजोमेघाच्या कडेला त्यांना एक अर्धवर्तुळाकार खाच दिसली. आज 'अश्वशीर्ष' म्हणून जगभर ओळखला जाणारा तेजोमेघ तो हाच. त्यांच्या श्रमांतून १८९० मध्ये दहा हजारांहून अधिक ताऱ्यांच्या वर्णपटांची सूची सिद्ध झाली. असे असूनही तेजोमेघांच्या पुढील एका प्रसिद्ध सूचीत त्यांच्या शोधांपुढे नाव पडले ते पिकरिंग यांचे. १९०८ च्या सूचीत ती उणीव दूर झाली. तेच काम करणाऱ्या पुरुषांपेक्षा आपल्याला पगार कमी मिळतो, ही खंत त्यांनी १९०० सालच्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे. आणि एक गोष्ट विसरू नये. 'फ्लेमिंग' हे नाव त्यांना मिळाले ते सोडून गेलेल्या पतीकडून. त्याने नाव दिले. त्या नावाला किंमत आणली ती बाईंनी.

चौथे आपल्या सर्वांच्या परिचयाचे, अलेक्झांडर फ्लेमिंग. जन्म १८८१, स्कॉटलंडमधील एका शेतकऱ्याच्या घरचा. लहान वयात ते लंडनला आले आणि चार वर्षे जहाजकंपनीच्या कचेरीत कारकून होते. एका काकांच्या मृत्युपत्रातून थोडा पैसा मिळाला, तेव्हा कुठे १९०१ मध्ये सेंट मेरी रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयाचे दार उघडले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमा चिघळून सैनिक मरताना त्यांनी पाहिले होते. सप्टेंबर १९२८ मध्ये सुटीहून परतल्यावर जंतूंच्या एका तबकडीत बुरशी आलेली त्यांना दिसली. नासलेली तबकडी धुऊन टाकायची, हा प्रयोगशाळेचा रिवाज. परंतु बुरशीभोवतीचे जंतू विरघळून गेले आहेत हे त्यांच्या नजरेने टिपले. त्या बुरशीच्या रसाला त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले. त्यातून रोग्याला देता येईल असे औषध मात्र ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवले, आणि १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन या तिघांना मिळून दिले गेले. पुढे १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन आपल्या देशात बनू लागले.

बंधुभगिनींनो, या चार चरित्रांत आडनावाखेरीज समान काय आहे? कुलपरंपरा नाही, संपत्ती नाही, पेशाही नाही. दोघे कारकून, एक मोलकरीण, एक भूमापक, अशी त्यांची सुरुवात. परंतु वेळापत्रकातील चूक, काळवंडलेली काच, छायाचित्रातील खाच आणि नासलेली तबकडी या चार वस्तू शेजारी मांडून पाहा. चारही क्षुल्लक वैगुण्ये आहेत. इतरांनी ती पुसली असती, टाकून दिली असती किंवा त्यांवर नुसती कुरकूर केली असती. हे चौघे मात्र त्यांपाशी थांबले. थांबण्याची ही सवय त्यांना कोणत्याही कुळाने दिलेली नव्हती. ती त्यांच्या रोजच्या कामाने दिली होती. अंकांच्या रकान्यांवरून वर्षानुवर्षे नजर फिरवणाऱ्याला एक चुकार आकडा चटकन खटकतो. आपल्यापैकी ज्यांचे आयुष्य फायलींत गेले, त्यांना याची प्रचीती आहे. ज्या कामाला आपण रूक्ष म्हणून नावे ठेवतो, तेच नजर घडवीत असते.

हे सारे आज सांगण्याचे प्रयोजन आपली मुले. त्यांचा जन्म या परमुलखातला. त्यांच्या आडनावातले गाव त्यांतल्या अनेकांनी पाहिलेले नाही. शाळेत त्या नावाचा उच्चारही धड होत नाही. 'आपले आडनाव असे का?' असे ती विचारतात, तेव्हा गावाची, कुलदैवताची, वाड्याची हकिकत आपण अवश्य सांगावी. मंडळाने पन्नास वर्षे तेच व्रत चालवले आहे. पण तेवढ्यावर थांबू नये. फ्लँडर्स कुठे आहे हे ठाऊक नसलेली माणसेही फ्लेमिंग हे नाव आदराने घेतात, ते त्या चौघांच्या कामामुळे. आपल्या आडनावांतला 'कर' पूर्वजांचे गाव सांगतो, हे खरे. परंतु मराठीत 'कर' हे आज्ञार्थी क्रियापदही आहे. पहिला अर्थ आपण मुलांना वारशाने दिला आहे; दुसरा त्यांनी आपापल्या कामातून सिद्ध करावा, अशी या सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी शुभेच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.