पायाखालचे साक्षीदार

माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश कळतं. पण माती जिवंत आहे का, हे सांगतात तिच्यातले बारीक संधिपाद जीव. स्प्रिंगटेल, माइट, वाणी ही मंडळी पालापाचोळा कुरतडतात, बुरशी खातात. गोम शिकार करते. यातूनच पिकाला अन्नद्रव्यं मोकळी होतात.

खोल मातीत राहणाऱ्यांना बहुधा डोळे नसतात, रंग फिका, पाय आखूड. त्यांना पळून जाणं जमत नाही. म्हणून वारंवार नांगरट झाली, माती दबली की तेच आधी नाहीसे होतात. याच आधारावर इटलीत २००१ साली एक निर्देशांक मांडला गेला: पृष्ठभागावरच्या जीवाला १ गुण, पूर्ण मातीशी जुळलेल्याला २०. बेरीज जितकी मोठी, तितकी माती निरोगी.

घरी पाहायचंय? नरसाळ्यात जाळी बसवा, वर ओलसर माती ठेवा आणि तिच्यावर थोड्या अंतरावर बल्ब लावा. माती वरून सुकत जाते, तसे जीव खाली सरकतात आणि नरसाळ्याखालच्या बाटलीत पडतात. मग भिंग घ्या आणि मोजा किती प्रकारचे पाहुणे आले!