सहाशे दोन दगड

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



तीस वर्षांनी या हॉलमध्ये उभी आहे आणि अजूनही वाटतंय की मागून कुणीतरी "रांगेत उभी राहा" म्हणून ओरडेल. संयोजकांनी सांगितलं, "तू बाहेर असतेस, तिकडचं काहीतरी सांग, पण दहाच मिनिटं." कालपासून तुम्ही सगळ्यांनी मला एकच विचारलंत, "स्पेनमध्ये नक्की कुठं?" मी "फ्रान्सच्या सीमेवर" म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, "मग तिकडं भीती नाही का वाटत?" सीमा म्हटलं की आपल्याला काटेरी तार आणि बंदुका आठवतात. म्हणून त्या सीमेबद्दलच बोलते.

मी २०१४ पासून इरून नावाच्या गावात राहते. हा बास्क लोकांचा मुलूख. पिरिनीज पर्वत उतरत उतरत अटलांटिक समुद्राला भेटतो, त्या कोपऱ्यात हे गाव आहे. कडेनं बिदासोआ नदी वाहते. नदीच्या अलीकडे स्पेन, पलीकडे फ्रान्सचं आंदाय. माझ्या ऑफिसातले काही जण आंदायला राहतात आणि सकाळी पूल ओलांडून कामाला येतात. १९९५ मध्ये, आपण शाळेत असताना, या दोन देशांमध्ये शेंगेन करार अमलात आला आणि पुलावरची रोजची तपासणी संपली.

नदीत एक चिमुकलं बेट आहे, फेझंट बेट. १६५९ मध्ये दोन्ही देशांचा तह तिथं झाला. आजही ते बेट फेब्रुवारी ते जुलै स्पेनकडे आणि ऑगस्ट ते जानेवारी फ्रान्सकडे असतं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे सहा महिने सासरी, सहा महिने माहेरी. बरं आहे की त्याचं!"

नदीकाठानं वर गेलं की एन्दार्लात्सा नावाची जागा लागते. तिथं सीमा नदी सोडते आणि डोंगर चढू लागते. तिथंच पहिला सीमादगड आहे. दगडावर आकडा कोरलेला, १. तिथून थेट भूमध्य समुद्रापर्यंत असे ६०२ क्रमांक आहेत. १८५६ मध्ये बायोनला झालेल्या तहानं ही सीमा नक्की होऊ लागली. बास्क भाषेत या दगडाला मुगार्री म्हणतात. मुगा म्हणजे सीमा, हार्री म्हणजे दगड. मी पडले सॉफ्टवेअरची, ओळीनं लावलेले आकडे दिसले की पुढचा आकडा शोधल्याशिवाय चैन पडत नाही. आठवीतल्या पांडवगडच्या सहलीनंतर मी डोंगर असा चढलेच नव्हते. तिथं मात्र दगड मोजण्याच्या नादानं पायाला चालण्याची सवय लागली.

हे डोंगर आपल्यापेक्षा ठेंगणे आहेत. सगळ्यांचा लाडका लारून ९०५ मीटरचा, म्हणजे पांडवगडाहूनही बुटका. फ्रान्सच्या बाजूनं त्यावर १९२४ पासून दातेरी रुळांची छोटी आगगाडी जाते. उतारावर पोत्तोक नावाची बुटकी घोडी चरत असतात. पाऊस बाराही महिने. धुकं इतकं येतं की दोन दगडांमधलं अंतर हाका मारत कापावं लागतं. शरद ऋतूत नेचे तांबूस होतात आणि अख्खा डोंगर गंजल्यासारखा दिसतो. मेंढ्या सीमेच्या या अंगाला चरतात, त्या अंगाला पाणी पितात. थोडं पूर्वेला एक मुलूख असा आहे, की जमीन स्पेनची पण गवतावर हक्क फ्रान्सच्या खोऱ्यातल्या गुराख्यांचा, तोही तहात लिहून दिलेला.

तिथं डोंगराला मेंदी म्हणतात आणि "डोंगराला जाते" याला "मेंदिरा नोआ". फोनवर हे ऐकून आईचा बरेच दिवस समज होता की मी दर रविवारी मंदिरात जाते. मी तो फार घाईनं दूर केला नाही.

बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून एक सांगते. या भाषेचं जगातल्या दुसऱ्या कुठल्याही जिवंत भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. वर्गात स्पॅनिश बोलणारी मंडळी एका गोष्टीवर अडून बसली होती. "माणूस आला" हे "गिसोना एतोरी दा". पण "माणसानं सफरचंद खाल्लं" म्हणताना "गिसोनाक सागार्रा यान दू". त्या माणसाला शेवटी क का लागतो, हे त्यांना कळेना. मी म्हटलं, अहो, हा आमचा "ने"! वर एकाऐवजी अनेक सफरचंदं खाल्ली तर क्रियापदही बदलतं, आपल्यासारखंच. तुमचा कर्मणी प्रयोग, ज्यासाठी मी दोनदा वर्गाबाहेर उभी राहिले होते, तो तिथं माझ्या कामाला आला. त्यांच्याकडे मात्र "माणूस सफरचंद खातो" यातही तो क सुटत नाही. करणाऱ्यावर ठसा हा हवाच.

आता ज्यासाठी उभी राहिले ते सांगते.

त्या डोंगरांत वाट माहीत असलेल्या माणसाला फार मान आहे. पूर्वी तिथं रात्री माल पाठीवर घेऊन सीमा ओलांडायचा धंदा चाले. त्याला "गाउलाना" म्हणत, रात्रीचं काम. दुसऱ्या महायुद्धात हीच वाटाडी माणसं कॉमेट नावाच्या गुप्त साखळीसाठी कामाला आली. आंद्रे द योंग नावाच्या बेल्जियन तरुणीनं ती साखळी उभी केली. युरोपात विमान पडून अडकलेल्या दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांना रात्री बिदासोआ पार करून स्पेनमध्ये आणायचं, हे काम. फ्लोरेन्तिनो गोइकोएचेआ हा मूळचा तस्कर, त्यांचा नामांकित वाटाड्या. डिसेंबर १९४३ मध्ये एका रात्री नदी चढलेली होती आणि पार होताना दोघं बुडाले. आज त्या वाटेवर लोक त्यांची आठवण काढत चालतात. मीही चाललेली आहे.

२०१५ पासून फ्रान्सनं सीमेवर पुन्हा तपासण्या सुरू केल्या. मला पुलावर दोनदा कार्ड मागितलं गेलं, माझ्या गोऱ्या सहकाऱ्यांना एकदाही नाही. आफ्रिकेतून आलेली मुलं स्पेनभर प्रवास करून इरूनला पोचतात आणि या पुलाशी अडतात. मग काही जण नदीत उतरतात. नदी अरुंद दिसते, पलीकडच्या घरातली भांडीसुद्धा ऐकू येतात. पण समुद्र जवळ आहे, भरती-ओहोटीला पाणी ओढून नेतं. २०२१ पासून तिथं अनेक तरुण बुडून मेले आहेत.

त्याच वर्षी उन्हाळ्यात मी बेहोबियाहून निघणाऱ्या, जुन्या रेल्वेमार्गावरच्या वाटेनं चालले होते. काठावर एक मुलगा उभा होता. एकोणीस-वीसचा असेल. पायात स्लीपर. त्यानं पाण्यापलीकडे बोट दाखवून विचारलं, "फ्रान्स?" मग पाण्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं, ते खोल आहे का, असं असावं.

मला पाणी माहीत होतं. डोंगरही माहीत होता. सीमा नदी कुठं सोडते, पहिला दगड कुठं आहे, हे त्या गावातल्या फार थोड्या परक्या माणसांना माझ्याइतकं ठाऊक असेल. पण माझ्या परवान्याचं नूतनीकरण तेव्हा अडकलेलं होतं. कुणी पाहिलं तर, कुणी विचारलं तर, एवढंच डोक्यात आलं. मी मान हलवली, "माहीत नाही" म्हटलं आणि पुढं गेले. निदान "पाण्यात उतरू नकोस" एवढं तरी म्हणता आलं असतं.

दोन आठवड्यांनी नदीत एक जण बुडाल्याची बातमी आली. तो हाच होता का, मला माहीत नाही. नसेलही. तो आज पॅरिसमध्ये कुठंतरी काम करत असेल, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

बरेच दिवस मी "सांगायचं राहून गेलं" असं म्हणत होते. बाई, या वाक्यात कर्ता सापडत नाही. मी सांगितलं नाही, हे खरं वाक्य.

आणि मग मला पांडवगड आठवला. तुम्हालाही आठवत असेल. आपण पंधरा-वीस जणं मागं राहून वाट चुकलो होतो. सर पुढं गेलेले. खाली एका घरात एक आजी भाकरी थापत होत्या. त्यांनी "कुणाची गं तुम्ही?" असंसुद्धा विचारलं नाही. तवा उतरवला, पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि दोन शेतं ओलांडून आपल्याला वाटेला लावून परत गेल्या. आपण त्यांचं नावही विचारलं नाही. त्यांची भाकरी त्या दिवशी नक्की करपली असणार.

इरूनमध्ये अशा मुलांना मदत करणारे स्वयंसेवक आहेत. पुढच्या महिन्यापासून मी शनिवारी त्यांच्याकडे जाऊ लागले. परवाना तेव्हाही अडकलेलाच होता. माझं काम साधं आहे. फोन चार्ज करून देणं, फुटक्या फोनमधले नंबर नव्यात घालणं आणि मोडक्या फ्रेंचमध्ये नदीबद्दल सांगणं. पाणी शांत दिसतं पण शांत नाही, हे वाक्य मला आता चार भाषांत येतं. एकानं नुसता आईचा आवाज असलेला संदेश वाचव म्हणून सांगितलं होतं. दीड तास लागला, पण निघाला. याच्यानं काठावरच्या त्या मुलाचा हिशेब फिटत नाही, हे मला कळतं.

रविवारी अजूनही दगड शोधते. सहाशे दोनपैकी एकशे सत्तेचाळीस झाले. प्रत्येक दगडावर एका अंगाला हात ठेवते, मग दुसऱ्या अंगाला. दोन्हीकडे शेवाळ सारखंच ओलं असतं. मी तो ओलांडते आणि डबा उघडते. मला कुणी विचारत नाही. तो दगड त्या मुलासाठी मात्र भिंत होता.

संयोजक घड्याळ दाखवत आहेत. एकच सांगते. उद्या आपल्यातले काही जण पांडवगडाला जायचं म्हणताहेत. मी येते आहे. ते घर अजून असेल तर तिथं थांबू या. आजी नसतील आता. पण घरातलं जे कुणी असेल, त्याला त्यांचं नाव विचारू. तीस वर्षं उशीर झालाच आहे.