काकूंच्या पेटीतला रोल



आमचे चुलत सासरे प्राथमिक शाळेत शिक्षक होते. ते गेले त्यानंतर काकूंनी त्यांची पत्र्याची पेटी मला आवरायला दिली. जुनी हजेरीपत्रकं, चष्मे, आणि तळाला चामड्याच्या पाकिटात कॅमेरा. अॅग्फा क्लिक थ्री. आपल्याकडे हा बडोद्याला बनायचा, तुमच्यापैकी कुणाच्या माहेरी असेलही. मागच्या बारीक लाल खिडकीत ८ आकडा दिसत होता. या कॅमेऱ्यात एका रोलवर १२ फोटो निघतात. म्हणजे निदान सात तरी काढलेले, आणि रोल तसाच आत.

आता माझी चूक सांगते. मी मागचं झाकण उघडलं. काळा कागद दिसला तशी दचकून लगेच बंद केलं, पण जे व्हायचं ते झालं.

तालुक्याच्या स्टुडिओतला मुलगा हसला. म्हणाला, आता रोल कोण धुतं? शेवटी पुण्यात एक जण सापडले, अजून काळा-पांढरा रोल धुणारे. त्यांनी फोनवर समजावलं. फिल्मच्या पाठीला कागद असतो म्हणून सगळं जात नाही, पण कडेने उजेड शिरतो. आधी काढलेले फोटो गुंडाळीत आत असतात, ते वाचतात. शेवटचे बाहेरच्या बाजूला, त्यांना झळ जास्त. तुमच्याकडे असा कॅमेरा निघाला तर झाकणाला हात लावू नका. कागद पूर्ण गुंडाळला जाईपर्यंत चावी फिरवत राहा. मग सावलीत उघडून रोल काढा, सैल पडू न देता त्याची पट्टी चिकटवा. उन्हात, चुलीजवळ ठेवू नका. रंगीत रोल फार जुना असला तर तोही काळा-पांढरा धुता येतो, एवढं विचारून घ्या.

हे सगळं काकूंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदाच बोलल्या. १९८४ साली माझ्या नणंदेचं बारसं झालं, तेव्हा काकूंची आई आली होती. काकांनी तिचे दोन फोटो काढले. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, असा तेव्हा सगळ्यांचाच हिशेब. मग बदली झाली, राहून गेलं. आई पुढच्याच वर्षी वारली. तिचा एकही फोटो कुठे नाही. यात मला नवल वाटलं नाही. आमच्या गटाचं बँकेत खातं उघडताना तिघीजणींनी आयुष्यातला पहिला फोटो काढला होता.

मला मात्र रात्री झोप येईना. बारसं रोलच्या सुरुवातीला की शेवटी?

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. पहिल्या चार फोटोंत बैलजोडी, विहीर, शाळेची मुलं, सायकल. डाग होते, पण ओळखू येत होते. पाचव्यात पाळणा. सहाव्यात नऊवारीतली एक बाई, मांडीवर बाळ, मान खाली. डोक्यावरचा पदर कपाळाखाली आलेला. चेहऱ्याची फक्त हनुवटी. सातवा पांढराफटक, एका कोपऱ्यात लुगड्याचा काठ तेवढा.

काकू म्हणाल्या, “सातव्याला त्यांनी तिला वर बघायला लावलं होतं. लाजत होती.”

मी सांगून टाकलं, झाकण मी उघडलं होतं.

काकू बराच वेळ सहावा फोटो बघत बसल्या. मग म्हणाल्या, “पेटी चाळीस वर्षं माझ्याच खाटेखाली होती. मी तरी कुठं कुणाला इचारलं?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी स्टुडिओत गेलो. तो मुलगा म्हणाला, आजी, यात तोंड दिसत नाही, मोठा करून काय उपयोग? दुसरा द्या.

काकू म्हणाल्या, “ह्योच कर. आन् हात नीट येऊ देत. तिच्या हातात माझी पोरगी हाय.”