ड्रॉवरमधलं पत्र
(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, आणि मागच्या खुर्च्यांवर बसून तिळगुळाची वाट पाहणाऱ्या पुरुषमंडळींनो,

दरवर्षी हळदीकुंकवाला मी उखाण्यांचा कार्यक्रम घेते. या वर्षी मात्र अध्यक्षांकडून दहा मिनिटं मागून घेतली. "विषय काय?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी "तब्येतीबद्दल थोडंसं" असं मोघम उत्तर दिलं. खरा शब्द फोनवर बोलवेना. आता बोलते. स्तनाचा कर्करोग.

चार वर्षांपूर्वीच्या गणपतीला मी आले नव्हते, आठवतंय? मोदक माझ्याकडे असतात, आणि मी ऐनवेळी कळवलं की खांदा आखडलाय. कितीजणींनी उपाय सांगितले! एकीने तर नारायण तेलाची बाटली दारात आणून दिली. मैत्रिणींनो, माझा खांदा ठणठणीत होता. माझं ऑपरेशन झालं होतं. त्या तेलाबद्दल आज जाहीर माफी मागते.

आता मुळापासून सांगते. आपण इथे ब्रिटनमध्ये राहतो. १९८८ पासून इथे स्तनांच्या तपासणीची, म्हणजे मॅमोग्रामची, राष्ट्रीय योजना आहे. जी.पी.कडे नाव असलं की पन्नाशी ते त्रेपन्नाव्या वाढदिवसाच्या दरम्यान पहिलं बोलावणं येतं आणि मग एकाहत्तर पूर्ण होईपर्यंत दर तीन वर्षांनी येतं. पैसे पडत नाहीत. एकाहत्तरीनंतर आपोआप पत्र येत नाही, पण आपण फोन करून वेळ मागू शकतो.

माझं पहिलं पत्र मी एक्कावन्न वर्षांची असताना आलं. मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं, पिझ्झावाल्यांच्या मेनूंच्या खाली. कारणं तयारच होती. आमच्या घरात कोणाला नाही. मला काही होत नाहीये. आणि कुणापुढे कपडे काढायचे? तीन वर्षांनी दुसरं पत्र आलं, तेही तिथेच गेलं असतं. पण शेजारच्या गुजराती बेन त्याच दिवशी निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चल ने, बेऊ साथे जईए." गाडीत जागा होती म्हणून मी गेले. इतकं साधं कारण.

तिथे काय होतं तेही सांगते, कारण भीती अर्ध्याहून जास्त न माहीत असल्याची असते. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या मोठ्या गाडीत माझी तपासणी झाली. फोटो काढणारी बाईच असते, पुरुष नसतो. फक्त कमरेच्या वरचे कपडे काढायचे, म्हणून साडीपेक्षा सलवार-कमीज किंवा पँट-टॉप बरं. त्या दिवशी पावडर किंवा स्प्रे मारू नका. आणि हो, गळ्यातलं मंगळसूत्र काढावं लागतं. मला तिथेच अडखळायला झालं, सत्तावीस वर्षांत काढलं नव्हतं. पर्समध्ये एक छोटा बटवा न्या, त्यात ठेवा, आणि पाच मिनिटांनी परत घाला. माझे 'हे' अजून धडधाकट आहेत, मागे बसलेत बघा.

दुखतं का? हो, काहीजणींना दुखतं. दोन पट्ट्यांमध्ये स्तन काही सेकंद दाबला जातो, प्रत्येक बाजूचे दोन फोटो. नको वाटलं तर "थांबा" म्हणता येतं, ती थांबते.

साधारण दोन आठवड्यांत पत्र येतं. शंभर जणी गेल्या तर चौघींना पुढच्या तपासण्यांसाठी बोलावतात, आणि त्या चौघींतल्या तिघींना कर्करोग नसतो. मी चौथी निघाले. गाठ नऊ मिलिमीटरची होती, हाताला लागतही नव्हती. ऑपरेशन, मग रेडिओथेरपी. केमोथेरपी लागली नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. तपासणी म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. काही कर्करोग मॅमोग्रामवर दिसत नाहीत. आणि काही सापडतात ते असे, की त्यांनी जन्मात त्रास दिला नसता, तरी उपचार होतात, कारण कुठला वाढेल हे आज डॉक्टरांना सांगता येत नाही. इथली आरोग्यसेवाच सांगते की तपासणी केलेल्या दर २०० बायकांमागे एकीचा जीव वाचतो आणि सुमारे तिघींना असे नाहक उपचार होतात. माझी गाठ कुठल्या प्रकारातली होती, मला कधीच कळणार नाही. हे सगळं माहीत असूनही मी पुन्हा गेले असते. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा. पण वाचून, विचार करून ठरवा. ड्रॉवरला ठरवू देऊ नका.

कारण आकडे हेही सांगतात की या देशात सातांपैकी एका बाईला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो, आणि बहुतेकींच्या घरात आधी कोणालाच नसतो. तरीही आपल्या दक्षिण आशियाई बायका तपासणीला इतरांपेक्षा कमी जातात. मागे घरी राहिलेल्या आई-बहिणींसाठीही एक गोष्ट. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासत. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा तिकडे फोन कराल तेव्हा गुडघ्यांबरोबर हेही विचारा.

आता ज्यासाठी उभी राहिले ते.

माझ्या ऑपरेशननंतर दोनच महिन्यांनी, दिवाळीच्या फराळाला, आपल्यातलीच एक मैत्रीण मला म्हणाली, "अगं, ते तपासणीचं पत्र आलंय. जायचं का गं?" माझ्या अंगावर टाके होते. आणि मी म्हटलं, "बघ बाई, तुला वाटलं तर." खांदा आखडल्याचं खोटं मला सांभाळायचं होतं ना! ती गेली नाही. दीड वर्षाने तिला स्वतःलाच गाठ लागली. तिला पूर्ण स्तन काढावा लागला, केमो घ्यावी लागली. हे तिच्या परवानगीने सांगते आहे. तेव्हा गेली असती तर सापडलं असतं का, कोणी सांगू शकत नाही. ती मला दोष देत नाही. पण तिने मला विचारलं होतं, आणि मला उत्तर माहीत होतं.

म्हणून तीन गोष्टी. घर बदललं असेल तर जी.पी.ला पत्ता कळवा, नाहीतर पत्र जुन्या घरी जाईल. गाठ, खळगा, स्तनाग्रातून स्राव असं काहीही वेगळं दिसलं तर पत्राची वाट पाहू नका, वय कितीही असो, सरळ डॉक्टरकडे जा. आणि पुरुषमंडळींनो, टपाल बहुधा तुम्ही उचलता. ते पत्र बायकोच्या हातात द्या आणि "कधी जायचं? मी सोडतो," एवढंच म्हणा.

या वर्षीचं वाण माझ्याकडून आहे. वाटी नाही, डबी नाही, फ्रीजला लावायचं लोहचुंबक आहे. पत्र आलं की त्याखाली लावा. एकटीला जायचं नसेल तर मला फोन करा, गाडीत जागा आहे.

तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि गरज पडेल तेव्हा खरंही बोला.